जमीन जागेवरच आहे, नकाशा सरकतो



वनहक्काच्या दाव्यावर 'क्षेत्र जुळत नाही' असा शेरा पडला, की आपल्या गावांत दोन गोष्टी होतात. काहीजण निराश होऊन घरी बसतात, काहीजण मोर्चाची तारीख ठरवतात. मोर्चा काढावाच. पण त्याआधी एक साधा प्रश्न लेखी विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे: कशाशी जुळत नाही? कुठला आकडा, कुठल्या मापातला, कुठल्या नकाशाशी ताडून बघितला? शेऱ्यात हे लिहिलेलं नसतं. आणि ते लिहिलेलं नसेल, तर चूक शेतात आहे की कागदात, हे कोण ठरवणार?

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या नकाशावर आणि ज्या आकड्यावर त्याचं माप लिहिलेलं नाही, तो ग्रामसभेने पुरावा म्हणून स्वीकारू नये. मग तो सरकारी शिक्क्याचा असो, नाहीतर आपल्याच पोरांनी फोनवर काढलेला असो.

एक शेत, तीन कागद

आपल्या एका तुकड्याचे निदान तीन कागद निघतात. पहिला गावनकाशा. इंग्रजी अमलात साखळी आणि शंकू घेऊन जमिनी मोजल्या. ती साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. पुष्कळ जुने गावनकाशे २० साखळ्यांना एक इंच, म्हणजे ६६० फुटांना एक इंच अशा प्रमाणात काढलेले आहेत. दुसरा कागद वनखात्याचा. त्यांचे जुने नकाशे एका मैलाला चार इंच अशा मापाचे. तिसरा भारतीय सर्वेक्षण खात्याचा, पूर्वी मैलाला एक इंच आणि मेट्रिक आल्यावर १ला ५०,०००.

आता या तिन्ही कागदांवर पेन्सिलने अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ मारा. गावनकाशावर ती रेघ जमिनीवरची चार मीटर जागा खाते. वनखात्याच्या नकाशावर आठ मीटर. १ला ५०,०००च्या नकाशावर २५ मीटर. वीस गुंठ्यांचं चौकोनी शेत एका बाजूने ४५ मीटरच भरतं. म्हणजे लहान प्रमाणाच्या नकाशावर वनहद्दीची रेघ नुसती जाड आली तरी निम्म्याहून जास्त शेत त्या रेघेखाली जातं. अशा नकाशावरून 'हे शेत कक्षाच्या आत, ते बाहेर' असं ठरवणं म्हणजे कोयत्याने सुईत दोरा ओवणं.

आमच्या सिंधुदुर्गात तर कागदांची घरंही वेगळी. मसुरे गाव मालवण तालुक्यातलं, आणि मालवण पूर्वी इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात. शेजारची सावंतवाडी संस्थानात. दोन्ही मिळून सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १९८१ साली. सह्याद्रीच्या पायथ्याला राहणाऱ्या ठाकर, कातकरी, गवळी-धनगर कुटुंबाला या सगळ्याशी काय घेणंदेणं? पण त्याचा दावा तपासताना हेच दप्तर उघडतं.

मापांचा घोळ

आकडा बरोबर आणि माप चुकीचं, ही सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक. तीन उदाहरणं देतो, कागद काढून ताडून बघा.

जुन्या उताऱ्यावर '१–२०' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर. संगणकावर भरणाऱ्याने ते '१.२०' केलं आणि यंत्राने 'एक पूर्णांक वीस शतांश एकर' वाचलं, तर दीड एकराचा सव्वा एकरही राहत नाही. हेक्टरमध्ये सांगायचं तर सुमारे ६१ आरच्या जागी ४९ आर. बारा गुंठे गेले. कोणी बांध सरकवला नाही, कोणी लाच घेतली नाही, एका टिंबाने ते खाल्ले.

दुसरं, 'आर' आणि 'हेक्टर'. १०० आर म्हणजे १ हेक्टर. ५ आर लिहायचे असतील तर ०.०५ हेक्टर. घाईत ०.५ लिहिलं तर ते ५० आर झाले. याच्या उलटही होतं, ५० आरचे ५ होतात. कायद्यातली मर्यादा ४ हेक्टरची आहे, ४ एकरची नाही. चार हेक्टर म्हणजे जवळजवळ दहा एकर, गुंठ्यांत ३९५. 'मर्यादा चार, तुझे पाच' असं कोणी म्हणालं, तर पाच काय, हे आधी विचारा.

तिसरं, साखळी. गुंठ्याची साखळी ३३ फुटांची, पण ६६ फुटांची साखळी आहे आणि १०० फुटांचीही आहे. ३३च्या साखळीचे आकडे ६६चे समजून मांडले तर क्षेत्र चौपट होतं. 'आणा' या शब्दाचंही तसंच. साखळीतला आणा लांबीचा, गुंठ्यातला आणा क्षेत्राचा. दोन्ही सोळाच, पण एकाने दोरी मोजायची, दुसऱ्याने जमीन.

आपली म्हातारी माणसं 'दोन मण भाताची पेर', 'चार कुडवांचं शेत' असं सांगतात. तेही माप आहे आणि ते जबाबात जसंच्या तसं लिहावं. पण त्याचे अंदाजाने गुंठे करून दाव्यात घालू नयेत. पेर ही उतारावर, मातीवर आणि हातावर अवलंबून असते.

उताराचीही गोष्ट लक्षात ठेवा. नकाशा जमीन वरून बघतो. तीस अंशांच्या उतारावर टेपने १०० मीटर भरले, तरी नकाशावर ते सुमारे ८७ मीटरच येणार. इथे कोणी फसवत नाही, मोजण्याची रीत वेगळी आहे. म्हणून टेपचा आकडा आणि उपग्रहाचा आकडा शेजारी ठेवून भांडू नका. कोणता आकडा कसा काढला, ते आधी लिहा.

गोल पृथ्वी, सपाट कागद

बांबूची टोपली पायाने दाबून सपाट करून बघा. कुठेतरी पट्ट्या तुटतील, कुठेतरी फाकतील. पृथ्वी गोल आणि कागद सपाट, म्हणून प्रत्येक नकाशात हेच होतं. गोलाचं सपाट करण्याच्या रीतीला प्रक्षेपण म्हणतात. रीती अनेक आहेत. कुठल्याही रीतीत काहीतरी बिघडतंच, फक्त काय बिघडतं ते रीतीप्रमाणे बदलतं.

फोनच्या पडद्यावर जे नकाशे दिसतात त्यांतल्या बहुतेकांची रीत 'वेब मर्केटर' नावाची आहे. तिच्यात आकार नीट दिसतो, पण विषुववृत्तापासून वर जावं तशी जमीन सुजते. मसुऱ्याच्या अक्षांशावर ही सूज सुमारे ८ टक्के. नंदुरबारच्या धडगावात १६ टक्के. चांगलं ॲप क्षेत्र सांगताना सूज उतरवून सांगतं. पण कोणी त्याच पडद्यावर शेत आखून, रीत न बदलता क्षेत्र काढलं, तर मसुऱ्यातल्या १ हेक्टरचे १ हेक्टर ८ आर होतात. धडगावात ३ हेक्टर ६० आरचे ४ हेक्टर १७ आर होतात आणि माणूस मर्यादेबाहेर जातो. म्हणजे चूक आपल्या 'बाजूने' दिसली तरी मार आपल्यालाच बसतो.

दुसरी अडचण आरंभाची. मद्रासजवळ १८०२ साली लॅम्टनने सुरू केलेली आणि पुढे एव्हरेस्टने चालवलेली मोठी मोजणी सगळ्यांनी ऐकलेली आहे. त्या मोजणीतून एव्हरेस्टने १८३० साली पृथ्वीचा जो आकार धरला, त्यावर आणि मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरच्या मूळ बिंदूवर आपले जुने नकाशे उभे आहेत. आज खिशातलं जीपीएस 'डब्ल्यूजीएस ८४' नावाचा दुसरा आकार आणि दुसरा आरंभ धरतं. एकाच दगडाचे अक्षांश-रेखांश या दोन पद्धतींत वेगळे येतात. आमच्या किनाऱ्यावर हा फरक जमिनीवर शंभर मीटरच्या वर जातो. खरं तर एव्हरेस्टच्या आकड्यातही मापांचा घोळ आहेच. त्याने पृथ्वीची त्रिज्या फुटांत दिली. तिचे मीटर करताना वेगवेगळे गुणक वापरले गेले, म्हणून एका कोष्टकात ती ६३,७७,२७६ मीटर आहे आणि दुसऱ्यात ६३,७७,३०१. पंचवीस मीटरचा फरक सर्वेक्षणाच्या मोठ्या दप्तरात राहू शकतो, तर तालुक्याच्या कचेरीत राहणार नाही असं कोण म्हणेल?

तिसरी अडचण पट्ट्यांची. मीटरमध्ये नकाशा मांडण्यासाठी जगाचे सहा-सहा अंशांचे पट्टे केले आहेत, त्याला यूटीएम म्हणतात. आपल्या राज्याची वाटणी ७८ अंश रेखांशावर होते. कोकण, पालघर, नंदुरबार, मेळघाट ४३व्या पट्ट्यात. नागपूर, गडचिरोली ४४व्या. गडचिरोलीचं शेत चुकून ४३व्या पट्ट्यात मांडलं, तर ते सहाशे किलोमीटर पश्चिमेला, नाशिक जिल्ह्यात जाऊन पडतं.

नाशिकला गेलेलं शेत कोणालाही दिसतं, हसू येतं आणि चूक दुरुस्त होते. घात करते ती शंभर मीटरची चूक. शेत त्याच गावात, त्याच डोंगरावर दिसतं, फक्त हद्दीच्या पलीकडे. मग त्या चित्रात लागवडीच्या जागी झाडं दिसतात, आणि शेरा पडतो: '२००५ पूर्वीचा कब्जा आढळत नाही.' ज्याने बघितलं त्याने खोटं बघितलं नाही, दुसऱ्याच जागेकडे बघितलं.

दुरुस्ती कशी करायची

यासाठी इंजिनीयर लागत नाही. गावाच्या चार टोकांना चार पक्क्या खुणा निवडा, ज्या कागदावर आहेत आणि जमिनीवरही आहेत: जुनी विहीर, वनहद्दीचा बुरूज, सर्व्हेचा दगड, ओढ्याचा संगम. आमच्या मसुऱ्यात मी भरतगड आणि कालावलच्या खाडीपलीकडचा भगवंतगड धरीन. दोन्ही गड शेकडो वर्षं हललेले नाहीत. त्यांच्यामधलं अंतर दोन नकाशांवर वेगळं आलं, तर कोणता तरी नकाशा चुकला, गड नव्हे.

प्रत्येक खुणेपाशी उभं राहून जीपीएसचा आकडा घ्या आणि नकाशावर मांडा. मग चूक स्वतःच बोलते:

सगळ्या खुणा एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकल्या असतील, तर आरंभ चुकला आहे. एव्हरेस्टचा नकाशा आणि डब्ल्यूजीएसचं जीपीएस एकत्र झालं आहे.

खुणांमधली अंतरं सगळीकडे एकाच पटीत कमी-जास्त येत असतील, तर माप किंवा प्रमाण चुकलं आहे. फूट आणि मीटर मिसळले तर अंतर सव्वातीन पट आणि क्षेत्र पावणेअकरा पट बदलतं. नकाशाची झेरॉक्स ९५ टक्क्यांवर निघाली असेल, तर तिच्यावरून काढलेलं क्षेत्र दहा टक्क्यांनी घटतं, आणि खाली छापलेलं 'एक इंच म्हणजे अमुक फूट' खोटं ठरतं. म्हणून नकाशावर आखलेली मोजपट्टी पाहिजेच. झेरॉक्समध्ये ती नकाशाबरोबर आखडते आणि खरं सांगते.

एकच खूण वेडीवाकडी गेली असेल, तर आकडा लिहिताना चूक झाली आहे. १६ अंश ९ मिनिटं ३० सेकंद म्हणजे १६.१५८३ अंश. ते कोणी १६.०९३० लिहिलं, तर मसुऱ्यातली जागा सात किलोमीटर दक्षिणेला जाते.

आणि सगळंच वेडंवाकडं असेल, तर जुना गावनकाशा संगणकावर बसवताना रबरासारखा ताणला आहे. साखळीने मोजलेल्या नकाशाला अक्षांश-रेखांश मुळातच नव्हते. तो ताणून बसवला, तर त्यावरून कोणाचा बांध ठरवता येत नाही. तिथे मूळ टिपण काढून जागेवर पुन्हा मोजणी, एवढाच उपाय.

झाडाखाली हातातल्या जीपीएसचा आकडा दहा मीटरही चुकतो. लहान तुकड्याला ही चूक फार मोठी. वीस गुंठ्यांच्या शेताची प्रत्येक बाजू पाच मीटरने कमी भरली, तर वीस गुंठ्यांचे सोळाच राहतात. म्हणून लहान शेताच्या बाजू टेपने मोजा आणि जीपीएस फक्त 'शेत कुठे आहे' एवढं सांगायला वापरा.

आपल्यातलाच एक वाद

काही साथी म्हणतात, या भानगडीत पडूच नये. आपला पुरावा नांगर, बांध आणि म्हाताऱ्यांची साक्ष. अंश-मिनिटांच्या खेळात शिरलो की खेळ त्यांचा, पंचही त्यांचाच. यात तथ्य आहे. गावातला शिकलेला पोरगा हातात यंत्र आलं की छोटा साहेब होतो, हेही आपण पाहिलं आहे.

तरी मला हे पटत नाही. यंत्र आपण घेतलं नाही म्हणून ते थांबत नाही, दुसरं कोणी वापरतं आणि निकाल आपल्याला कळवतं. मोजणी समजणारी माणसं गावात असली, तर साक्ष दुबळी होत नाही, उलट तिला कागदावर उभं राहायला जागा मिळते. फक्त एक पथ्य हवं: मोजणी वनहक्क समितीने सगळ्यांसमोर करायची, बायकांना आणि शेजारच्या बांधवाल्यांना बोलावून, आणि आकडे सभेत मोठ्याने वाचायचे. आमच्याकडची म्हातारी विचारील, 'हो नकाशो खयचो?' हा नकाशा कुठला? त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं पाहिजे.

आणि हिशेब आपल्याविरुद्ध गेला तरी दुरुस्त करायचा. सुजलेल्या नकाशावरून आपले आठ-दहा आर जास्त आले असतील, तर ते स्वतःहून कमी करून लिहायचे. जो गाव स्वतःचा फुगलेला आकडा कापतो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर शंका घेणं अवघड जातं.

कायदा काय म्हणतो

२००६च्या वनहक्क कायद्यात हक्क ठरवण्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. नियमांप्रमाणे वनखात्याचे आणि महसुलाचे नकाशे ग्रामसभेला किंवा वनहक्क समितीला पुरवणं हे उपविभागीय समितीचं काम आहे. आपण ते कचेरीत मागत फिरायचे नाहीत. बांध, सपाटीकरण, घर, झोपडी आणि म्हाताऱ्यांचे लेखी जबाब हे सगळे पुरावे नियमांत आहेत. २०१२च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं की उपग्रहाचं चित्र किंवा तसलं तंत्र बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून वापरायचं, त्याच्या जागी नाही. गुजरातमध्ये अशा चित्रांवरून दावे नाकारले गेले, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०१३ साली फेरतपासणीचा आदेश झाला. दावा नाकारला किंवा क्षेत्र कापलं, तर कारण लेखी कळवावं लागतं, आणि ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला जमिनीवरून काढता येत नाही.

'क्षेत्र जुळत नाही' हे कारण झालं नाही. 'अमुक नकाशा, अमुक प्रमाण, अमुक माप, त्यावर अमुक फरक' हे कारण. तेवढं लिहून आलं, की आपण तपासू शकतो. लिहून येत नाही, तोवर दाव्यातला आकडा कायम.

खाली ठरावाचा मसुदा देत आहे. पुढच्या ग्रामसभेत वाचा, हवा तसा बदला, सह्या-अंगठे घेऊन एक प्रत उपविभागीय समितीला द्या आणि पोच घ्या. पोच न घेता कागद देऊ नका.

ठराव: आमच्या गावाच्या वनहक्क दाव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक नकाशावर आणि मोजणीच्या तक्त्यावर पुढील गोष्टी मराठीत लिहिलेल्या असाव्यात: (१) क्षेत्राचं आणि लांबीचं माप, (२) नकाशाचं प्रमाण आणि आखलेली मोजपट्टी, (३) प्रक्षेपण, पट्टा आणि कोणत्या आरंभावरून मोजलं ते, (४) मोजणीची तारीख, साधन आणि मोजणाऱ्याची सही. मूळ आकडा आणि बदललेला आकडा दोन्ही शेजारी ठेवावेत, मूळ खोडू नये. दोन नकाशांत फरक आला, तर गावातल्या किमान चार पक्क्या खुणांवर वनहक्क समितीसमोर पडताळणी व्हावी. ती होईपर्यंत कोणत्याही दाव्याचं क्षेत्र कमी करू नये आणि दावा नाकारू नये.